शरीरापासून मुक्ती की शरीराची मुक्ती? आईच्या दगडावर काय कोरू?

सुईदोरा

आईला जाऊन सात महिने झाले. कबरीचा दगड निवडून झालाय, कोरणाऱ्याचा दोनदा फोन येऊन गेला, आणि त्यावर काय लिहायचं हे अजून ठरत नाहीये. भाऊ म्हणतो 'चिरविश्रांती' एवढं पुरे. मावशीला 'देहाच्या बंधनातून मुक्त' असं हवंय. दोघांचंही प्रेम खरं आहे, पण मला दोन्ही टोचतं. का टोचतं ते घरात नीट सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आई शिवणकाम करायची, जवळजवळ चाळीस वर्षं. तिने शिवलेल्या कपड्यांवर कायम दुसऱ्याच्या नावाची पट्टी लागायची. मग कंपवात झाला. आधी उजवा हात, मग डावा, मग चालणं, आणि शेवटच्या दोन वर्षांत आठवणही गेली. मला ती 'ताई' म्हणायला लागली होती, बहुधा नर्स समजून. पण एक गोष्ट राहिली होती. दुपारी पडल्या पडल्या ती अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासायची, ती चिमूट ओठांपाशी न्यायची, आणि पुन्हा खाली आणून हवेत नेमकी एका जागी टोचायची. आम्हाला उमगायला महिना लागला. ती दोऱ्याचं टोक ओलं करून सुईत ओवत होती. नावं गेली, माणसं गेली, बोटांतलं ओवणं राहिलं.

अंत्यविधीनंतर जो तो म्हणाला, "सुटली बिचारी." मीही मान हलवली, शेवटचे दिवस खरंच बघवत नव्हते. पण त्या रात्री बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 8वा अध्याय काढून बसले आणि 23व्या ओवीवर अडकले. ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, आपण आपल्या शरीराच्या मुक्तीची वाट पाहत कण्हत आहोत. शरीराच्या. शरीरापासून नाही. इतकी वर्षं ही ओवी ऐकत आले आणि मनात आपोआप 'पासून' घालून वाचत आले!

तर गौरवीकरण, म्हणजे देव शेवटी आपल्याला त्याच्या गौरवात सामील करून घेईल असं आपण म्हणतो, तेव्हा नक्की कशाची आशा धरतो? आईची ती बोटं त्या आशेत आहेत की नाहीत? आणि असतील तर चार शब्दांत ते दगडावर कसं मांडायचं?

साधा वाचक

वाचतोय. त्या ओवण्यापाशी बराच वेळ थांबलो होतो.

उंबरठा

सुईदोराताई, तुम्ही अडकलात ती जागा अडकण्यासारखीच आहे. तिथे 'मुक्ती'साठी जो ग्रीक शब्द आहे तो 'अपोलुत्रोसिस'. दाम मोजून गुलामाला किंवा युद्धकैद्याला सोडवून आणणं, हा त्याचा व्यवहारातला अर्थ. आता दाम मोजून कैदी सोडवायला गेलेला माणूस कैद्याला तिथेच टाकून परत येईल का? आणि पौलाच्या वाक्यात कैदी कोण आहे ते बघा. शरीर. आपल्याला शरीरालाच तुरुंग समजायची सवय आहे. ग्रीकांतही 'सोमा, सेमा' अशी शब्दांची जोडी प्रचलित होती. सोमा म्हणजे देह, सेमा म्हणजे कबर. पौल त्याच भाषेत लिहितो, तशाच विचारांच्या लोकांना लिहितो, आणि तरी म्हणतो की देहच कैदेत आहे, त्याला सोडवायचंय.

आमच्या रविवारच्या शाळेत मी स्वतः वर्षानुवर्षं तीन पायऱ्या शिकवल्या. नीतिमान ठरवलं जाणं म्हणजे पापाच्या शिक्षेतून सुटका, पवित्रीकरण म्हणजे पापाच्या सत्तेतून, गौरवीकरण म्हणजे पापाच्या अस्तित्वातूनच. मुलांना पटकन पाठ होतं. चूक नाही त्यात. पण आता वाटतं की अपुरं शिकवलं, कारण त्या तिन्ही वाक्यांत शरीर कुठेच येत नाही. फिलिप्पैकरांस पत्रात (3:21) मात्र तेच पुढे आहे. ख्रिस्त आपलं हे दीन शरीर पालटून आपल्या गौरवी शरीरासारखं करील. म्हणजे गौरवी शरीर कसं असेल याचा आपल्यापुढे एकच नमुना आहे, कबरीतून उठलेल्या येशूचं शरीर. अंदाज बांधायचे ते तिथून.

आणि तो नमुना किती मातीचा आहे बघा. शुभवर्तमानात लूक सांगतो की त्याने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा घेऊन खाल्ला. योहान सांगतो की दारं बंद असताना तो मध्ये येऊन उभा राहिला. बागेत त्याची शिष्या मग्दालीया मरीयेला तो माळी वाटला, पण "मरीये" म्हटल्याबरोबर तिने ओळखलं. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्याने हात दाखवले. तोच आहे, आणि तरी तसाच नाही.

अजून एक. रोम 8:30 मध्ये पौल साखळी ओवतो: नेमलं, बोलावलं, नीतिमान ठरवलं, गौरव केलं. सगळी क्रियापदं भूतकाळी. बाकीच्यांचं ठीक, पण गौरव तर अजून व्हायचंय! तुमच्या आईचं झालेलं नाही, माझं नाही, पौलाचंही नाही. तरी तो 'केलं' म्हणतो. देवाने मनावर घेतलेलं काम त्याच्या लेखी झाल्यातच जमा आहे, एवढाच अर्थ मला लागतो, आणि आजारपणात मी स्वतः त्या एका भूतकाळाला धरून राहिलो होतो.

केशरी संध्याकाळ

मी ख्रिस्ती नाही, पण धागा मनापासून वाचतेय. माझ्या समजुतीप्रमाणे मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं. तुम्ही सांगताय ते त्याचंच दुसरं नाव आहे का? की खरंच वेगळं आहे?

उंबरठा

प्रश्न रास्त आहे. तोडून टाकणारं उत्तर देणार नाही, कारण 'मोक्ष' या एका शब्दाखाली वेगवेगळ्या दर्शनांनी वेगवेगळं सांगितलंय, आणि मुक्ती नको, भक्तीच दे असं मागणारे संतही याच भाषेत झाले. पण ख्रिस्ती आशेपुरतं म्हणाल तर फरक असा, की इथे थेंब सागरात मिळत नाही. मरीया मरीयाच राहते, तिला नावाने हाक मारली जाते. आणि देह, माती, सृष्टी यांतून बाहेर पडायचं नसतं. रोम 8:21 म्हणतं की सृष्टीसुद्धा नाशाच्या गुलामगिरीतून सुटून देवाच्या मुलांच्या गौरवाच्या स्वातंत्र्यात येईल. पौल त्या अध्यायात तीन कण्हणी ऐकतो: सृष्टी कण्हते, आपण कण्हतो, आणि देवाचा आत्माही आपल्यासाठी शब्दांत न येणारे उसासे टाकतो. सृष्टीच्या कण्हण्याला त्याने बाळंतवेणांची उपमा दिली आहे. मरणाच्या कळा आणि बाळंतपणाच्या कळा बाहेरून सारख्याच ऐकू येतात. फरक पुढे काय येतं त्याचा.

केशरी संध्याकाळ

धन्यवाद. बाळंतवेणांचं लक्षात राहील.

पायवाट

मी रुग्णसेवेत आहे. अंतकाळच्या रुग्णांबरोबर रोजचा वावर. एक गोष्ट बोलायलाच हवी, कुणाला कडू वाटली तरी.

हीच गौरवाची आशा मी चाबकासारखी वापरलेली पाहिली आहे. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला भेटायला आलेल्या वडीलधाऱ्याने सांगितलं, "सोस बाई, आताची दुःखं पुढच्या गौरवापुढे काहीच नाहीत." ओवी खरी, सांगणारा खोटा. वेदनाशामक मागणाऱ्या म्हाताऱ्यालाही हेच ऐकवलेलं मी ऐकलंय. म्हणून गौरवीकरण म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. विश्वास नाही म्हणून नव्हे, विश्वास आहे म्हणूनच.

उंबरठा

पायवाट, कडू नाही, खरं आहे. मीही तरुणपणी एका आजारी माणसाच्या उशाशी बसून असंच बोललोय. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं.

माझं आता मत असं आहे की ती ओवी, रोम 8:18, आधी स्वतःच्या दुःखाबद्दल म्हणायची असते. पौलाला तो अधिकार होता. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (11:24-25) त्याने हिशोबच दिलाय: पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार, तीन वेळा जहाज फुटलं. ज्याच्या पाठीवर इतके वळ आहेत तो 'हे हलकं आहे' म्हणतो तेव्हा ती साक्ष असते. आपण दुसऱ्याच्या पाठीकडे बोट दाखवून तेच म्हटलं की ते क्रौर्य होतं. आणि मार खाणारीचं शरीरही त्या मुक्तीच्या यादीत आहे ना? ज्या शरीराला देव गौरव देणार आहे त्यावर हात टाकू देणं हा या आशेचा अपमान आहे. पुनरुत्थानावरचा सगळ्यात लांब अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15वा, संपतो कशावर? गप्प बसा यावर नाही. प्रभूच्या कामात सतत तत्पर राहा, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, यावर.

पायवाट

हे कुणीतरी स्पष्ट म्हणायला हवं होतं. आभार. सुईदोराताई, तुमच्या धाग्यात माझं गाऱ्हाणं आणलं, माफ करा.

सुईदोरा

माफी कसली, उलट बरं झालं. आईलाही एकदा कुणी म्हणालं होतं, "दुखणं आनंदाने सहन करा." तेव्हा तिची वाचा शाबूत होती. ती म्हणाली, "सहन करते, आनंदाने नाही."

निळी शाई

सुईदोरा, मी कॅथलिक आहे, आमच्याकडे 'महिमा' हा शब्द जास्त कानावर पडतो. तुझ्यासाठी एक जुनी गोष्ट आणलीय.

मध्ययुगात संत थॉमस अक्विनास यांनी गौरवी शरीराचे चार गुण मांडले. एक, त्याला दुःख आणि मरण पोहोचणार नाही. दोन, ते पूर्णपणे आत्म्याच्या स्वाधीन असेल. तीन, चपळता. चार, तेज. लहानपणी धर्मशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला तेजच आवडायचं, चित्रातल्या संतांच्या डोक्याभोवती असतं तसं. 'चपळता' म्हणजे धावणं-उडणं असेल असं वाटायचं. मोठेपणी नीट वाचलं. चपळता म्हणजे आत्म्याने इच्छिलं की शरीर विनाविलंब, विनाअडथळा ते करतं. मध्ये काही आडवं येत नाही.

कंपवाताच्या रुग्णाच्या मुलीला आणखी काय समजावून सांगायचं? तुझ्या आईला सुई ओवायची होती आणि हात ऐकत नव्हता. आठशे वर्षांपूर्वीचा एक धर्मपंडित म्हणतोय की हात ऐकेल.

आता या सगळ्याच्याही आतला गाभा. आमच्याकडे सगळ्यात मोठा गौरव म्हणजे देवाचं दर्शन. बायबलच्या निर्गम पुस्तकात (33) इस्राएलचा पुढारी मोशे देवाला म्हणतो, "तुझं तेज मला दाखव," आणि देव म्हणतो की माझं मुख पाहून माणूस जिवंत राहू शकत नाही. खडकाच्या कपारीत उभा राहा, मी पुढे गेल्यावर पाठ दिसेल. तिथून सरळ बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात या (22:4). "ते त्याचे मुख पाहतील." मोशेला जे नाकारलं गेलं ते तुझ्या आईला मिळणार आहे. योहान आपल्या पहिल्या पत्रात (3:2) कारणही सांगतो: आपण त्याच्यासारखे होऊ, कारण जसा तो आहे तसा त्याला पाहू. पाहणंच पालटून टाकणारं आहे. मोशे डोंगरावरून उतरला तेव्हा नुसत्या बोलण्याने त्याचा चेहरा उजळला होता आणि त्याला स्वतःला ते ठाऊक नव्हतं.

अवांतर: हे दर्शन मेल्याबरोबर की शेवटच्या दिवशी, यावर आमच्याकडे फार मोठा वाद झाला होता. पोप बाविसावे योहान यांनीच प्रवचनांत सांगितलं की शेवटच्या न्यायापर्यंत नाही. केवढा गदारोळ उठला. 1334 मध्ये मृत्यूशय्येवर त्यांनी ते मागे घेतलं, आणि 1336 मध्ये त्यांच्यानंतरचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी जाहीर केलं की शुद्ध झालेल्या आत्म्यांना पुनरुत्थानाच्या आधीच दर्शन घडतं. एवढ्या मोठ्या माणसांचाही इथे पाय घसरतो, तेव्हा आपण अडखळलो तर बिघडत नाही.

सुईदोरा

'हात ऐकेल.' शाई, हे वाचून उठून गेले होते. आत्ता परत आले.

मोहरी

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे. मंडळीत एक बाई अतिशय मायेने म्हणाल्या, "स्वर्गात ती बरी होईल हो." मी घरी येऊन रडले, आणि का रडले ते मलाच कळेना. ती बरी व्हावी असं मला वाटत नाही का? हृदयाचं ऑपरेशन झालंय तिचं, ते हृदय निरोगी व्हावं असं कितीदा मागितलंय. पण ज्या मुलीला मी ओळखते ती पुसून तिच्या जागी दुसरीच कुणी हुशार मुलगी उभी केली तर ती माझी मुलगी कुठे गेली?

गौरवीकरणात काय बदलतं आणि काय राहतं, हे कुणी सांगू शकेल का? 'सगळे परिपूर्ण' हा शब्द मला घाबरवतो.

उंबरठा

मोहरीताई, कोणत्या पेशीचं काय होईल हे सांगण्याचा आव मी आणणार नाही. पण दोन गोष्टी हातात आहेत.

पहिली, जखमा. येशूचं शरीर गौरवी झालं आणि तरी खिळ्यांच्या खुणा राहिल्या. त्या मिटवणं देवाला अवघड होतं का? दुखायच्या थांबल्या, पण पुसल्या गेल्या नाहीत, आणि थोमाने त्याच खुणांवरून ओळखून "माझ्या प्रभो, माझ्या देवा" म्हटलं. पूर्वीच्या काळातले धर्मपंडित संत ऑगस्टीन यांनी 'देवाचं नगर' या आपल्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटच्या, 22व्या भागात यावर विचार केलाय. रक्तसाक्ष्यांचे, म्हणजे विश्वासासाठी मारल्या गेलेल्यांचे, तुटलेले अवयव परत मिळतील, पण वण कदाचित दिसत राहतील, आणि ते व्यंग म्हणून नव्हे, मान म्हणून. म्हणजे 'परिपूर्ण'चा अर्थ एकसारखा गुळगुळीत असा जुन्यांनीही लावला नव्हता.

दुसरी गोष्ट, आपण 'परिपूर्ण' कशाला म्हणतो? झटपट हिशोब करणारं डोकं हे आपलं माप आहे. देवाचं माप ख्रिस्त आहे. रोम 8:29 म्हणतं त्याच्या पुत्राच्या प्रतिमेसारखे व्हायचं. त्या मापाने बघितलं तर तुमच्या मुलीला पालटावं लागेल त्याच्या कितीतरी पट मला पालटावं लागेल. तिच्यात जे आजारपण आहे ते जाईल. जी ती आहे ती जाणार नाही. हे मी अंदाजाने म्हणत नाही, 'मरीये' या हाकेवरून म्हणतोय.

मोहरी

"मला पालटावं लागेल." हे इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. सगळे तिच्याकडेच बघतात.

ती सगळ्यांना दोन्ही हातांनी चेहरा धरून बघते. अनोळखी माणसालासुद्धा. शाईताईंचं 'मुख पाहतील' वाचलं तेव्हा तेच डोळ्यांसमोर आलं.

साधा वाचक

आता विचारतोच. माझा भाऊ समुद्रात गेला. देह मिळालाच नाही. कबर नाही, दगड नाही, कोणतं वचन कोरायचं हा प्रश्नच आला नाही. इथे सगळे शरीर, शरीर म्हणताय. ज्याचं शरीरच उरलं नाही त्याचं काय?

निळी शाई

दादा, हा प्रश्न फार पूर्वी शत्रूंनीही विचारला होता. इ. स. 177 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ल्योंला ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला. तिथल्या मंडळीने लिहिलेलं पत्र इतिहासकार युसेबियसने जपून ठेवलंय. रक्तसाक्ष्यांची प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली, आणि राख ऱ्होन नदीत लोटून दिली. कशासाठी? यांना पुनरुत्थानाची आशा आहे म्हणून हे मरणाला भीत नाहीत, आता बघू कसे उठतात ते! मंडळीचं दुःख त्या पत्रात लपलेलं नाही, आपल्या माणसांना मातीही देता आली नाही म्हणून ते तळमळले. पण आशा सोडली नाही. ज्याने एकदा मातीतून घडवलं त्याला राखेचा पत्ता विचारावा लागत नाही.

आणि तुमच्यासाठी वेगळी ओवी आहे, प्रकटीकरण 20:13. समुद्राने आपल्यातले मेलेले बाहेर दिले. मृत्यू आणि अधोलोक यांच्या नावाआधी समुद्राचं नाव आहे तिथे.

उंबरठा

शाईंच्या बोलण्यात एवढंच जोडतो. पौल बियाची उपमा देतो. पेरतोस ते पुढे होणारं शरीर नव्हे, नुसता दाणा आहे. त्याला शरीर देतो तो देव (1 करिंथ 15:37-38). कणकण गोळा करून तेच यंत्र पुन्हा जुळवायचं असं तो म्हणतच नाही. दाणा आणि रोप यांत एकही गोष्ट सारखी दिसत नाही, आणि तरी जोंधळा पेरला की जोंधळाच येतो.

तुमचा भाऊ आत्ता कुठे, असंही मनात असेल. पौल म्हणतो, येथून निघून ख्रिस्ताजवळ असणं हे फार चांगलं (फिलिप्पै 1:23). येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोरालाही 'आज तू माझ्याबरोबर असशील' असंच सांगितलं गेलं. पण तोही मुक्काम आहे, शेवटचं ठिकाण नव्हे. 1647 च्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रॉटेस्टंट धर्मशिक्षणाच्या एका जुन्या पुस्तिकेत, मला जन्मभर पुरलेलं एक वाक्य आहे. विश्वासणाऱ्यांचे आत्मे लगेच गौरवात जातात, आणि त्यांची शरीरं, ख्रिस्ताशी अजूनही जोडलेलीच असून, पुनरुत्थानापर्यंत कबरीत विसावतात. अजूनही जोडलेलीच! आत्मा ख्रिस्ताचा आणि देह मातीचा अशी वाटणी तिथे नाही. समुद्राच्या तळाशी असलेला देहसुद्धा ख्रिस्ताच्याच हिश्शाचा.

साधा वाचक

बास. एवढंच हवं होतं.

सुईदोरा

दादा, तुमच्या भावाचं नाव आमच्या रविवारच्या प्रार्थनेत घेईन.

माझ्या मनात आणखी एक राहिलंय. आई मला विसरली होती. शरीराचं ठीक, पण जिच्या डोक्यातून आम्ही सगळे पुसले गेलो, ती 'तीच' कशी उठणार?

पायवाट

यावर मी बोलू? स्मृतिभ्रंशाचे रुग्ण रोज बघतो. मला 1 करिंथ 13:12 ने सावरलं. आता मला अंशतः कळतं, तेव्हा मला जसं पूर्णपणे ओळखण्यात आलं आहे तसं मी पूर्णपणे ओळखीन. क्रम बघा. आधी ओळखलं गेलो, मग ओळखू. तुमची आई कोण आहे हे तिच्या आठवणीच्या भरवशावर कधीच नव्हतं. तिने विसरायच्या आधीही नव्हतं.

सुईदोरा

(नुसता नमस्कार. शब्द नाहीत.)

उंबरठा

'गौरव' या शब्दाबद्दल लिहायचं राहिलं होतं, आणि दगडाचा प्रश्न आहे म्हणून लिहितो.

हिब्रूत देवाच्या तेजाला 'काबोद' म्हणतात. त्याच्या मुळाचा अर्थ जड असणं, वजन असणं. ग्रीक 'डॉक्सा' मुळात मत, लौकिक या अर्थाचा. त्यात हे वजन नाही. पण पौल यहूदी. 2 करिंथ 4:17 मध्ये तो लिहितो की आपलं तात्कालिक हलकं संकट आपल्यासाठी गौरवाचा सार्वकालिक भार तयार करतं. ग्रीक लिहिताना कानात हिब्रू घुमत असावं, असं मला नेहमी वाटत आलंय. आणि आपल्या भाषेत? 'गौरव' हा शब्द 'गुरु'पासून आलाय. गुरु म्हणजे जड, भारी. गुरुत्वाकर्षणातला तोच गुरु. हिब्रूतलं जे वजन ग्रीकमध्ये येताना सांडलं ते मराठीत आपोआप परत आलं! आपण 'गौरव समारंभ' म्हणून म्हणून ते झिजवलंय, एवढंच.

म्हणून गौरवीकरण म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर प्रकाशात विरत जाणारी आकृती येत नाही. उलट, आता आपण पातळ आहोत, थरथरतो, वाऱ्याने हलतो. तेव्हा आपल्याला वजन येईल. हात थरथरणार नाही इतकं.

आणि डॉक्साचा लौकिक हा अर्थही मला सोडवत नाही. पौल म्हणतो, त्या वेळी प्रत्येकाची वाहवा देवाकडून होईल (1 करिंथ 4:5). धनी म्हणेल, शाबास. जिच्या कामावर कायम दुसऱ्याच्या नावाची पट्टी लागली तिला तिच्या नावाने शाबास म्हटलं जाईल, ही केवढी गोष्ट आहे.

निळी शाई

काका, हे शेवटचं वाक्य वाचून मी गप्प झाले.

मोहरी

सुईदोरा, काय ठरलं ते नक्की कळव.

सुईदोरा

ठरलं. काल कोरणाऱ्याकडे भाऊ आणि मी दोघं गेलो होतो. जाताना रिक्षात त्याला हा धागा वाचून दाखवला. 'हात ऐकेल'पाशी त्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि पुढचं स्वतः वाचलं. 'चिरविश्रांती'चा आग्रह त्याने आपणहून सोडला. म्हणाला, "विश्रांती आहे, पण चिर नाही ना." मावशीलाही फोन केला. तिला सगळं पटलं असं नाही, पण ती म्हणाली, "तुझ्या आईची बोटं मलाही आठवतात."

नाव, दोन तारखा, आणि खाली: 'आपल्या शरीराच्या मुक्तीची वाट पाहत'. त्याखाली बारीक अक्षरांत रोम 8:23.

त्याने आधी खडूने दगडावर आखून दाखवलं. मग जरा मागे सरून बघितलं आणि म्हणाला, "ताई, वाक्य पुरं होत नाहीये. पुढे 'आहे' घालू का? जागा आहे."

मी म्हटलं, नको.

"मग पूर्णविराम तरी?"

भाऊ म्हणाला, तोही नको.